बुडणाऱ्यासाठी धावता, तसेच याच्यासाठीही धावा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील ग्रामस्थ मंडळे, त्यांची मुंबई मंडळे आणि वाडीवाडीतली महिला मंडळे यांना,

सप्रेम नमस्कार.

खाडीत कोणी बुडतोय अशी हाक आली की आपल्या गावात काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. जेवत्या पानावरून माणसं उठतात. ज्याच्याशी बांधावरून दहा वर्षं कोर्टात भांडण चालू आहे, त्याच्या मुलासाठीही होडी सोडली जाते. तो पिऊन पाण्यात उतरला होता का, घरच्यांचं न ऐकता गेला होता का, हे त्या घडीला कोणी विचारत नाही. विचारायचं ते तो काठावर आल्यावर, आणि पुष्कळदा तेव्हाही कोणी विचारत नाही.

माझा धाकटा भाऊ असाच बुडत होता. पाण्यात नव्हे, आमच्याच घरात, पडवीतल्या खाटेवर. आणि हाक मारायची सोडून आम्ही पडवीचं दार लोटून घेतलं. त्या लोटलेल्या दाराबद्दल तुम्हाला लिहायचं आहे. भावाला विचारून लिहिते आहे. गावाचं आणि त्याचं नाव लिहीत नाही, तेवढं समजून घ्या.

२०२२ सालची गोष्ट. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर पहिल्यांदाच घरोघर मोकळेपणाने गणपती आले होते. चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. भाऊ मुंबईहून आला. त्याआधी तीन महिने तो व्यसनमुक्ती केंद्रात होता. ब्राउन शुगर, म्हणजे आपण ज्याला गर्द म्हणतो ते, त्याला चार वर्षांपासून लागलं होतं. गावात आम्ही सांगितलं होतं की कंपनीने बाहेर पाठवलाय. तो आला तेव्हा चेहरा भरला होता, अंगावर मांस धरलं होतं. आईने त्याच्याकडून माटवी बांधून घेतली. आरतीला टाळ त्याच्याच हातात होते. आम्हाला वाटलं, सुटलं एकदाचं.

गौरीपूजनाच्या रात्री भजन आटोपलं, मंडळींना चहा-उसळ झाली, रात्रीचा एक वाजून गेला होता. तो पडवीत खाटेवर उताणा झोपला होता आणि घोरत होता. मी त्याच्या अंगावरून दोनदा गेले. एकदा तर पांघरूण घातलं. काकी म्हणाली, ‘‘निजांदे तेका. दमलो हा तो.’’ त्या घोरण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण आम्ही सगळे तिथेच फसलो. ते घोरणं नेहमीचं नव्हतं. मध्येच पार थांबायचं, इतकं की कान टवकारावे लागत, आणि मग घशातून गुडगुड आवाज निघायचा. होडीच्या तळाशी उरलेलं पाणी करवंटीने खरवडून काढताना जसा आवाज येतो, तसा. जीभ मागे पडलेली असते, घसा ढिला झालेला असतो आणि त्यातून थोडीशी हवा कशीबशी जात असते, त्याचा तो आवाज. आपण म्हणतो, गाढ झोपलाय.

शेजारची सून टोप परत द्यायला आली. ती नर्स आहे, मुंबईच्या एका इस्पितळात कॅज्युअल्टीला काम करते, सणाला घरी आली होती. ती दारातच थांबली. ‘‘ह्यां घोरणां न्हय,’’ म्हणाली आणि आत येऊन दिवा लावला. उजेडात आम्ही बघितलं. ओठ जांभळे. नखं शाईत बुडवल्यासारखी. तिने पापणी वर केली, तर डोळ्यातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी. रात्रीच्या तेवढ्याशा उजेडात बाहुली मोठी असायला हवी होती. तिने त्याचं नाव घेऊन मोठ्याने हाक मारली, मुठीची हाडं त्याच्या छातीच्या मधल्या हाडावर जोराने चोळली. इतकं दुखतं ते की झोपलेला माणूस शिव्या देत उठतो. हा हललाही नाही. मग तिने मोबाईलचं घड्याळ लावून त्याच्या छातीकडे बघितलं. मिनिटात चार श्वास. धडधाकट माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो.

तेवढ्यात घर जागं झालं आणि जे कोणत्याही घरात होतं ते झालं. काकीने चिंचेचं पाणी कालवलं. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल. मोठ्या काकांचं म्हणणं, सणाचे दिवस, काहीतरी चुकलंय, गुरवाला बोलवा, गाऱ्हाणं घाला. कोणी बादलीभर पाणी आणलं. आणि माझ्या आईने, जिने त्याच्यासाठी सोमवार धरले होते, तिने पडवीचं दार लोटलं आणि कडी घातली. ‘‘गावात काय सांगूचां?’’ एवढंच म्हणाली. मी तिला दोष देत नाही. त्या दाराला माझाही हात लागला होता.

शेजारच्या सुनेने कडी काढली. मला म्हणाली, १०८ लाव, स्पीकरवर टाक, सांग की माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास घेत नाहीये. तिने त्याची मान मागे कलती केली, हनुवटी वर उचलली, तोंडात बोट घालून अडकलेली सुपारी काढली, नाक चिमटीत धरलं, तोंडावर रुमाल टाकला आणि स्वतःचा श्वास त्याच्या तोंडात फुंकला. छाती वर आली. ती वर आलेली छाती मी आयुष्यात विसरणार नाही. मग दर पाच सेकंदांनी एक फुंकर. मी मोठ्याने मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच, फुंक. पावसाने रस्ता खचला होता, ॲम्ब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. ती थकली तेव्हा मी फुंकलं, मी थकले तेव्हा तिने. दहाव्या-बाराव्या मिनिटाला नखांचा रंग पालटायला लागला.

इथवरची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. पुढची सांगायला जड जाते.

ॲम्ब्युलन्समध्ये मी आणि माझे यजमान बसलो. काय झालं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर यजमान म्हणाले, भातावर औषध मारत होता, त्याने चक्कर आली असेल. मी गप्प बसले. दवाखान्यात पोचल्यावरही तेच. आता हे खोटं किती जीवघेणं होतं ते बघा. शेतीच्या कीटकनाशकाची विषबाधा झाली तरी डोळ्याची बाहुली अशीच बारीक होते. त्यामुळे डॉक्टरांना ते पटण्यासारखंच वाटलं आणि त्यांनी त्या दिशेने तयारी सुरू केली. त्या विषबाधेवरचं औषध वेगळं, गर्दवरचं वेगळं. कीटकनाशकात तोंडाला फेस येतो, लाळ गळते, घाम फुटतो. याला त्यातलं काहीच नव्हतं, म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, नक्की ना? आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं मान हलवत होतो. मी शाळेत शिकवते. मुलांना खोटं बोलल्यावर उभं करते.

शेजारची सून दिराच्या मोटारसायकलवर मागून आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. भावाच्या पँटच्या खिशातून तिने काढून आणलेली जळकी पन्नी आणि गुंडाळलेली नोट तिच्यात होती. ती पिशवी तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘गर्द. रात्री अकरा ते साडेबाराच्या मध्ये कधीतरी.’’ डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नॅलोक्सोन आणा म्हणाले. दोन कपाटं उघडावी लागली, पण सापडलं. इंजेक्शन दिल्यावर तीन मिनिटांत भावाने डोळे उघडले.

उठला तो थरथरत, घामाघूम, आणि शिव्या देत. त्याला घरी जायचं होतं. आम्हालाही जायचं होतं, पहाटेच्या आत, कोणी बघायच्या आत. डॉक्टरांनी सोडलं नाही. तासाभराने तो बोलता बोलता परत बुडाला. ओठ परत काळे पडायला लागले, दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. आम्ही तेव्हा घाटात असतो तर हे पत्र लिहिण्याचं काही कारण उरलं नसतं.

मंडळींनो, यातलं कायकाय प्रत्येक घरात माहीत असायला हवं, ते मी नंतर त्या नर्सकडून आणि डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं. तेवढं तरी तुमच्या पुढच्या सभेत वाचून दाखवा.

गर्द, अफू, मॉर्फिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सगळी एका कुळातली. मेंदूच्या ज्या भागातून ‘श्वास घे’ असा हुकूम सुटतो, तो भाग ही औषधं मंदावतात. माणूस विषाने नाही, श्वासावाचून मरतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा व्हायला लागते. बरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका कितीतरी वाढतो, कारण त्याही तेच काम करतात. म्हणून मी बुडण्याची गोष्ट काढली. दोन्हीकडे फुप्फुसात हवा जात नाही, एवढंच झालेलं असतं. आणि दोन्हीकडे जवळच्या माणसाने हवा दिली तर जीव राहतो.

हलवूनही जागा होत नाही, श्वास अडकत-थांबत आहे किंवा पाच-सहा सेकंदांत एकही येत नाही, ओठ-नखं जांभळी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हे दिसलं की १०८ आधी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फुकट आहे. ११२ लावला तरी चालतो. फोन स्पीकरवर ठेवा, हात मोकळे राहतात. मग श्वास द्या, वर सांगितलं तसा. छाती वर आली नाही तर मान पुन्हा नीट करा. आणि तो मुळीच श्वास घेत नसेल किंवा नुसते आचके देत असेल, हालचाल नसेल, तर नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या माणसाला ती सापडत नाही. कठीण जमिनीवर घ्या, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात ३० दाब द्या, पाच-सहा सेंटिमीटर खोल, सेकंदाला जवळजवळ दोन या लयीत, मग दोन श्वास, परत ३०. मदत येईपर्यंत थांबू नका. पाळीपाळीने करा, वाडीत माणसं असतात.

श्वास आपला आपण चालू झाला की कुशीवर वळवा. वरचा गुडघा दुमडलेला, हात गालाखाली, तोंड जमिनीकडे कललेलं. उलटी झाली तर बाहेर पडते, घशात जात नाही. उताणा ठेवून कधीही बाजूला जाऊ नका. मी त्याला उताण्यावर पांघरूण घालून गेले होते.

चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी, ताक, कॉफी, लिंबू, काहीही तोंडात घालायचं नाही. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते फुप्फुसात जातं. बोटं घालून उलटी काढायची नाही. थंड पाणी ओतायचं नाही, चापटा मारत अंगणात फिरवायचं नाही. दुधाचं किंवा मिठाचं इंजेक्शन दिल्याने उतरते अशी एक समजूत पोरांमध्ये आहे, तिने माणसं दगावतात. जवळ सुई पडलेली असेल तर उघड्या हाताने उचलू नका. आणि ‘उतरेल, झोपू दे’ हे वाक्य, कोणाच्याही तोंडून येवो, ऐकू नका. गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही. पण गुरव येईपर्यंत फुंकर थांबता कामा नये. माझ्या आईने दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं घातलंच, आणि ते मला पटलं.

नॅलोक्सोनबद्दल. हे औषध गर्दला मेंदूतल्या जागेवरून ढकलून देतं आणि दोन ते पाच मिनिटांत श्वास परत येतो. पण त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो, आणि गर्द अंगात त्याहून जास्त वेळ असू शकतं. म्हणून माणूस परत बुडतो. शुद्धीवर आला म्हणजे सुटला असं नाही, डॉक्टर जोवर थांबा म्हणतात तोवर थांबायचं. तो भांडेल, कारण अंगातलं गर्द एकदम निघाल्याने त्याला असह्य होत असतं. चुकून गर्द नसलेल्या माणसाला ते दिलं गेलं तरी अपाय होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितलं आहे की हे औषध अशा रुग्णांच्या घरच्यांना, मित्रांनाही मिळायला हवं आणि त्यांना ते वापरायला शिकवायला हवं. भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. ते इंजेक्शन घरी ठेवायचं का, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण ते तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आहे का आणि मुदतीतलं आहे का, हे गावाने जाऊन विचारायलाच हवं.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, वेगळं आहे. हल्ली तेही गावापर्यंत आलंय. त्यात माणूस झोपत नाही, उलट पेटतो. अंग तापतं, छाती धडधडते, दुखते, डोळे मोठे होतात, भास होतात, फिट येऊ शकते. त्याच्यावर नॅलोक्सोन चालत नाही. खोली शांत करा, गर्दी बाहेर काढा, ओल्या फडक्याने अंग पुसा, फिट येत असेल तर डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. चौघांनी पालथा पाडून वर बसू नका, त्यात जीव जातो. १०८ इथेही लगेच.

आता कोणी म्हणेल, आमच्या गावात हे नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हा महिनाभर सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. पाकीट समुद्रातून आलं म्हणून बोलता आलं. आमच्या घरातलं कोकणकन्येने आलं होतं, भावाच्या बॅगेतून, खरवस आणि अगरबत्तीच्या पुड्याशेजारी. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली आलेल्या पाहणीत देशात दोन कोटींहून जास्त लोक अफूच्या कुळातली नशा करतात असं आढळलं होतं. ते सगळे शहरातच आहेत आणि सणाला कोणीच गावी येत नाही, असं आपण धरून चालू शकत नाही.

आणि मुंबई मंडळांना मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पोरं तुमच्या नजरेसमोरून गावाला निघतात. सगळ्यात जास्त धोका कधी असतो ठाऊक आहे? नशा चालू असताना नव्हे, ती सुटल्यावर. केंद्रातून बाहेर आल्यावर, तुरुंगातून सुटल्यावर, आजारपणानंतर. अंगाची सवय मोडलेली असते. चार वर्षं जो जेवढं ओढत होता, तेवढंच त्याने तीन महिन्यांनंतर एकदा ओढलं, आणि ते त्याच्या अंगाला आता दुप्पट-तिप्पट होतं. माझ्या भावाने जास्त घेतलं नव्हतं. नेहमीएवढंच घेतलं होतं. हे आम्हाला केंद्रातून निघताना कोणी नीट सांगितलं असतं, तर मी त्या रात्री पांघरूण घालून पुढे गेले नसते. म्हणून जो मुलगा बरा होऊन गावी येतोय, त्याच्या घरच्या एका तरी माणसाला हे सगळं शिकवून पाठवा. चेहरा भरला म्हणून निर्धास्त होऊ नका.

पोलिसांची भीती खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५चा आहे. सेवनाला त्यात कलम २७ खाली शिक्षा आहे, गर्दसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विषबाधेच्या केसची पोलिसात नोंद होऊ शकते. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. जो व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार होतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं, उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. आणि डॉक्टरांनी आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्वच्छ सांगितलं आहे. आमच्याकडे हवालदार दुसऱ्या दिवशी आले, जबाब लिहून घेतला, आणि आईला म्हणाले, मावशी, वेळेवर आणलंत. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. पण वकील नंतरही करता येतो.

कधी कधी माणसाने जाणूनबुजून घेतलेलं असतं. तेव्हाही पहिली पंधरा मिनिटं हीच. नंतर त्याला एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालू असतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तीव्र तणावाखाली असलेला माणूस म्हणून बघायला सांगितलं आहे. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे.

भाऊ परत उपचाराला गेला. या वेळी डॉक्टरांनी त्याला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे अफूच्याच कुळातल्या औषधाची, गोळी सुरू केली. एक नशा सोडवून दुसरी लावली, असं नातेवाइकांत कुजबुजले. या उपचाराने ओव्हरडोसचे मृत्यू कमी होतात, हे जगभर दिसलेलं आहे, आणि आमच्या घरात तो तीन वर्षं जिवंत आहे. संडासाची आतली कडी आम्ही काढून टाकली आहे, दारावर नुसतं फडकं लावतो. तुळशीसमोर शपथ घ्यायला लावणं आईने सोडलं. परत पाऊल घसरलं तर सांगायचं, एकट्याने कोंडून घ्यायचं नाही, हे आम्ही त्याला तोंडावर सांगितलंय. हे लिहिताना हात अडखळतो. आई म्हणते, असं सांगणं म्हणजे परवानगी देणं. मला वाटतं, सुटकेसाठी आधी जिवंत राहायला लागतं.

माझं मागणं मोठं नाही. येत्या गणपतीत, भजनाच्या आधी, सभामंडपात अर्धा तास द्या. ३१ ऑगस्ट हा ओव्हरडोसमध्ये गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस म्हणून २००१ पासून जगात पाळला जातो, आणि तो बहुतेक वर्षी आपल्या सणाच्या आसपासच येतो. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना, आशाताईंना बोलवा. रुमाल आणि उशी एवढ्यावर फुंकर आणि दाब शिकवता येतात, मी आमच्या वाडीत दोनदा शिकवलंय. पहिल्या वेळी सात बायका आल्या, दुसऱ्या वेळी चाळीस, आणि मागच्या बाजूला रापणीवरचे चार-पाच पुरुष उभे होते. मुलाचं, नवऱ्याचं नाव कोणीच घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. १०८ गावात पोचायला किती वेळ लागतो ते एकदा मोजून ठेवा, आणि रात्री गाडी काढणाऱ्या तिघांचे फोन देवळाच्या फळ्यावर लिहा. साप चावल्यासाठीही ते लागतातच. आरोग्य केंद्राला मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या की नॅलोक्सोन कायम ठेवा आणि ड्यूटीवरच्या प्रत्येकाला ते कुठल्या कपाटात आहे हे माहीत असू द्या.

जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीत बोलवा, मी रविवारी येईन. शेजारची सून मे महिन्यात आणि गणपतीत गावी असते, ती पण येते म्हणाली आहे. भाऊही येईल. आता बोटीवर जातो तो, त्यामुळे भरती-ओहोटी बघून वेळ ठरवावी लागेल.

आपली,
एका भावाची बहीण
देवगड तालुका